आजोबांच्या महोगनी कपाटाला जोडीदार: आपल्या भागातलं कुठलं लाकूड घ्यावं?

पुस्तकघर_टिळकवाडी (४ मार्च)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी आजोबांचं काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट आहे. बेळगावच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबानं जाताना सामान लिलावात काढलं, तेव्हा आजोबांनी ते घेतलं. घरात सगळे त्याला 'महोगनीचं कपाट' म्हणतात. बाबा निवृत्त शिक्षक, त्यांची पुस्तकं आता खाटेखालीसुद्धा आहेत. तसंच दुसरं कपाट मी स्वतः करणार आहे. तीन वर्षं सुतारकाम शिकतेय. पाट, स्टुलं आणि एक देव्हारा झालाय. एवढं मोठं काम पहिलंच.

माप: साडेपाच फूट उंच, तीन फूट रुंद. वर काचेची दोन दारं, खाली चौकट-पॅनेलची दोन.

महोगनी इथं मिळेना. एका ठिकाणी 'आफ्रिकन महोगनी' होती, तिचा दर ऐकून परत आले. वखारीत गेले तर म्हणाले, "होन्ने घ्या, नाहीतर मत्ती, नाहीतर नंदी." निम्मी नावं कळली नाहीत, खोटं कशाला बोलू. मला जुन्यासारखा तांबूस तपकिरी रंग हवाय, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दार अडकता कामा नये. जुन्या कपाटाचं दार आजवर एकदाही अडकलेलं नाही. काय घेऊ?

---

खानापूरकर_काका

ताई, आधी नावांचा गुंता सोडवतो. आपल्याकडं झाड एक आणि नावं दोन, एक मराठी आणि एक कानडी, त्यात निम्मे व्यवहार फसतात. होन्ने म्हणजे आपला बिवळा, काही जण असाणा म्हणतात. मत्ती म्हणजे ऐन. नंदी म्हणजे नाणा. बीटे म्हणाले तर शिसव, हलसू म्हणजे फणस, तेग म्हणजे साग. शिवण तेवढी दोन्हीकडं जवळपास सारखीच, शिवणे. जांभ्याला ते जंबे म्हणतात, आणि बाहेरून येणारा 'पिंकोडा' म्हणजे त्याच जातीचा ब्रह्मदेशी भाऊ.

वखारीत नाव विचारू नका, फळीचं टोक दाखवायला सांगा. माझे वडील लाकूड ओळखायचे ते नखानं आणि नाकानं.

---

उद्यमबाग_९०

सागवान घ्या. विषय संपला.

---

रंधा_पटाशी

विषय एवढ्यात संपत नाही ओ उद्यमबाग. साग उत्तमच आहे, पण ताईंनी विचारलंय ते महोगनीच्या गुणाबद्दल. तो गुण कुठला, ते आधी नीट बघू.

महोगनीचं नाव झालं ते रंगामुळं कमी आणि स्वभावामुळं जास्त. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत आटतं. महोगनी वाढीच्या वलयांच्या आरपार (गाभ्याकडून सालीकडं) सुमारे ३ टक्के आटते आणि वलयांच्या दिशेनं ४ ते साडेचार टक्के. दोन्हींत फरक कमी, म्हणून ती पिळत नाही, वाकत नाही. सागाचे आकडे साधारण अडीच आणि सव्वापाच. म्हणजे एका दिशेनं साग महोगनीपेक्षाही शांत, दुसऱ्या दिशेनं थोडा जास्त हलतो.

आता बेळगावात हे कसं उतरतं ते पाहा. माझ्याकडं ओल मोजायचं मीटर आहे. माझ्या शेडमध्ये एप्रिलमध्ये फळी ८ दाखवते, ऑगस्टमध्ये तीच १५. हा ७ टक्क्यांचा फरक, आणि लाकडाचं आटणं-फुगणं साधारण २८ टक्क्यांच्या खाली सुरू होतं. म्हणजे एकूण आटण्याचा चौथा हिस्सा दरवर्षी आपल्या घरात घडतो. फूटभर रुंद सागाची फळी वलयं आडवी ठेवून कापलेली असेल तर पावसाळ्यात सुमारे ४ मिलिमीटर फुगते. तीच फळी वलयं उभी ठेवून कापलेली असेल तर २ मिलिमीटर. आडव्या कापाची महोगनी ३ च्या थोडी वर.

म्हणजे उभ्या कापाचा साग आडव्या कापाच्या महोगनीपेक्षा कमी हलतो! जात ठरवायच्या आधी काप ठरवा. फळीच्या टोकाकडं बघा: वलयांच्या रेघा फळीच्या रुंद बाजूला काटकोनात उभ्या दिसल्या तर ती दारासाठी बाजूला काढा.

---

वनस्पती_मास्तर

रंधा_पटाशींना पूर्ण अनुमोदन. 'महोगनी' या नावाखाली काय काय खपतं तेवढं सांगतो.

खरी महोगनी म्हणजे स्विटेनिया. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली आणि कॅरिबियन बेटांवरची. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती १७९५ साली आली, म्हणजे भारतात परकी असली तरी नवी नाही. अमेरिकेतल्या जंगलात इतकी तोड झाली की मोठ्या पानाच्या महोगनीवर २००३ पासून सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानं निर्बंध आणले. परवान्याशिवाय तिथून निर्यात होत नाही. भारतात लावलेल्या झाडांना तो निर्बंध लागू नाही.

आफ्रिकन महोगनी म्हणजे खाया. त्याच कुळातली, चुलत बहीण म्हणा. सपेलेसुद्धा त्याच कुळातली, तिचे उभे चमकते पट्टे व्हिनिअरमध्ये पाहिले असतील. 'फिलिपीन महोगनी' मात्र मेरांटी-लाउआनच्या गटातली, तिचं महोगनीशी काही नातं नाही. ती सालाच्या कुळातली.

आणि गंमत अशी की महोगनीचं कूळ आपल्या अंगणात आहे. कडुनिंब त्याच कुळातला. तूणही त्याच कुळातला. कानडीत गंधगरिगे. रंग तांबूस, वास मंद गोडसर, वजनाला हलका. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याला सरळ 'भारतीय महोगनी' म्हटलंय.

---

मिरजेची_तार

तूणाचं नाव निघालं म्हणून आले. आमच्या मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या दांडीला तूणच वापरतात. (२०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद अजून आहे.) दांडी वाकली की वाद्य संपलं, म्हणून कारागीर जुना, वर्षानुवर्षं सुकवलेला ठोकळाच घेतात. पण तूण मऊ आहे हो. नखानं खूण उठते. दाराच्या पॅनेलला आणि कपाटाच्या पाठीला झकास, पण पुस्तकांचं ओझं पेलणाऱ्या फळीला मी वापरणार नाही.

---

शहापूरची_सून

बिवळ्याबद्दल माझा अनुभव ऐका, मगच घ्या. पाच वर्षांपूर्वी दिवाणखान्यात बिवळ्याचं शेल्फ करून घेतलं. रंग इतका सुरेख, सोनेरी तपकिरी आणि मधे तांबड्या रेघा. मेस्त्रींनी घाईत पाठीमागच्या बाजूला पॉलिश लावलंच नाही. पहिल्या पावसात भिंतीला ओल आली आणि शेल्फच्या मागून हळदीसारखे ओघळ उतरले. चुना दोनदा मारला तरी डाग वर येतो. ओल्या फडक्यानं पुसलं तर फडकंसुद्धा पिवळं.

---

खानापूरकर_काका

सूनबाई, बिवळ्याचा तो स्वभावच आहे. त्याच्याच लाकडाचे पेले करून मधुमेहाचे लोक रात्रभर पाणी ठेवून पितात. पाण्यात रंग उतरतो, उन्हात धरलं की निळसर झाक मारतं. लाकूड टिकाऊ आहे, वाळवी सहसा लागत नाही, पण सहाही बाजू बंद केल्याशिवाय भिंतीला टेकवायचं नाही.

---

घाटमाथा_कणकुंबी

आमच्याकडं पाऊस किती, सांगायला नको. मी ऐनाच्या बाजूनं बोलणार. सागाच्या मानानं खूप स्वस्त, आणि जुना ऐन पॉलिश झाला की काळसर तपकिरी लाटा अशा उठतात की शिसवाशेजारी ठेवा.

पण माझी चूक तुम्ही करू नका. ताज्या कापाच्या ऐनाच्या फळ्या मी एप्रिलच्या उन्हात उघड्यावर रचल्या. आठ दिवसांत तोंडाला बोटभर भेगा. ऐन सावलीत, टोकांना रंग किंवा मेण फासून, मधे पट्ट्या घालून सुकवायचा, इंचाला वर्ष धरून. आणि लोखंडी स्क्रू नको. ओल आली की स्क्रूभोवती शाईसारखा काळा डाग पडतो. पितळी घ्या.

---

रंधा_पटाशी

घाटमाथा, डागाबद्दल बरोबर. पण कपाटाच्या दाराला ऐन मी नाही देणार. जड आहे, आणि हलतोही जास्त. एवढं वजन पितळी बिजागऱ्यांवर टाकलं तर दोन वर्षांत दार खाली बसेल. खालच्या बैठकीला खुशाल वापरा.

---

नंदगडचा_शेतकरी

माझ्याकडं महोगनी आहे. दोन एकर.

रोपं देणारा म्हणाला होता बारा वर्षांत सोनं होईल. आता नऊ झाली. पहिल्या तीन वर्षांत शेंडा पोखरणारी अळी आली, निम्म्या झाडांचे शेंडे वाळले. मग दोन-दोन फांद्या फुटल्या आणि सरळ खोड काही मिळेना. गेल्या वळवात एक झाड पडलं, ते कापून आणलं. मधला तांबूस गाभा बशीएवढा, बाकी सगळं पांढरट. पांढऱ्या भागाला तीन महिन्यांत पीठ सुटलं. ताईंना फळी बघायला पाठवतो, पैसे नकोत. पण त्याचं कपाट करा असं मी म्हणणार नाही. झाड अजून पोरगं आहे ओ. तीस वर्षं उभं राहिलं तर माझा नातू त्याचं कपाट करील.

---

वनस्पती_मास्तर

दादा, प्रामाणिकपणे लिहिलंत. ती अळी तूणालाही त्रास देते, दोघं एकाच कुळातले ना. राहिलेल्या झाडांची जादा फांदी वेळेवर छाटून एकच शेंडा ठेवा. कापलेल्या पांढऱ्या लाकडाला बोरिक-बोरॅक्सचं पाणी मुरवलं तर भुंगेरा थांबतो. खोक्यांना, चौकटीच्या आतल्या पट्ट्यांना ते चालेल.

---

कॅम्प_रहिवासी

मी 'महोगनी' म्हणून जेवणाचं टेबल विकत घेतलं. दुकानाचं नाव नको. वर्षभरानं मुलानं गरम भांडं ठेवलं, पॉलिश उडालं, खाली फिकट गुलाबी लाकूड. मेरांटीवर रंग मारला होता. तेव्हापासून कुठलंही लाकूड घेताना कोपरा १२० च्या पॉलिशपेपरनं घासून बघतो. रंग आतपर्यंत गेला तर खरं.

यावरून पुस्तकघर ताईंना एक विचारतो. तुमचं जुनं कपाट खरंच महोगनीचं आहे का? साहेबांच्या बंगल्यातलं बरंच सामान इथल्याच सुतारांनी इथल्याच लाकडात केलेलं असायचं, वरून लालसर पॉलिश.

---

पुस्तकघर_टिळकवाडी (११ मार्च)

तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागेना. कसं तपासू?

---

वनस्पती_मास्तर

न दिसणारी जागा निवडा. खालच्या खणाच्या फळीचं टोक धारदार पटाशीनं अगदी पातळ छाटा, किंचित ओलं करा, आणि शाळेतल्या भिंगातून उजेडात बघा. महोगनीत छिद्रं सगळीकडं सारखी विखुरलेली असतात, आणि वाढीच्या हद्दीवर बारीक फिकट रेघ असते. तूणात आणि सागात वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते, मग छिद्रं लहान होत जातात. साग हाताला तेलकट लागतो, कातड्यासारखा वास येतो. तूणाचा वास वेगळा, सुगंधी.

---

उद्यमबाग_९०

मी फोटोची वाट बघतोय. सकाळपासून तीनदा धागा उघडला.

---

पुस्तकघर_टिळकवाडी (१४ मार्च)

बाबांना बोलावलं आणि दोघांनी मिळून पाहिलं. खणाची फळी छाटली तशी नाकाशी वास आला, सिगारच्या जुन्या डबीसारखा. भिंगाखाली मोठ्या छिद्रांची रांग स्पष्ट. तूण! दाराच्या चौकटीचं वरचं टोक छाटलं: पिवळट तपकिरी, तेलकट. साग. महोगनी कुठंच नाही.

बाबा बराच वेळ भिंग धरून बसले होते. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांना हे सांगायला हवं होतं, त्यांना आवडलं असतं." संध्याकाळी आईनं चष्मा कुठं ठेवलाय विचारलं, तर बाबा म्हणाले, "महोगनीच्या कपाटात."

अजून एक गोष्ट दिसली. दारांच्या सगळ्या उभ्या पट्ट्यांची वलयं उभी आहेत. आणि खालचं पॅनेल चौकटीच्या खोबणीत सैल आहे, बोटानं दाबलं की सरकतं. ते कुठंच चिकटवलेलं नाही.

---

रंधा_पटाशी

ताई, तुमचं दार इतकी वर्षं का अडकलं नाही, ते त्या सुतारानं तुम्हाला दाखवून दिलं. पॅनेल मोकळं ठेवलं की फुगायला जागा मिळते, चौकट फाटत नाही. तुम्हीही तसंच करा. खोबणीत फेविकॉलचा थेंबसुद्धा जाऊ देऊ नका. हवं तर वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मध्यावर एकेक थेंब, म्हणजे पॅनेल मधोमध राहील.

---

खानापूरकर_काका

आता माझं मत. चौकटीला जुना साग शोधा. शहापूर-वडगावात, आमच्या खानापुरात जुनी घरं उतरवतायत. तुळया, दारं विकायला असतात. ऐंशी वर्षं कौलाखाली सुकलेलं लाकूड कुठल्या भट्टीत मिळणार? पावती मात्र घ्या. आणि राज्याची हद्द ओलांडून चंदगडकडून किंवा गोव्याकडून आणणार असाल तर आधी वनखात्याच्या कचेरीत पासची चौकशी करा.

पॅनेलला फणस. माझ्या भावाच्या परड्यातला फणस चार वर्षांपूर्वी पडला, फळ्या माळ्यावर पट्ट्या घालून ठेवल्यात. येऊन बघून जा.

---

कॅम्प_रहिवासी

फणस पिवळाधमक असतो ना? ताईंना तांबूस हवाय.

---

मिरजेची_तार

नवा असताना पिवळा. जुनी वीणा बघा, फणसाचीच असते. उजेड लागला की वर्षागणिक तो तपकिरी-तांबूस होत जातो.

---

घाटमाथा_कणकुंबी

जुनं लाकूड घेताना चुंबक फिरवा. मी तुळईत राहिलेला एक खिळा चुकवला आणि रंध्याचं पातं गमावलं.

---

उद्यमबाग_९०

म्हणजे शेवटी सागच की! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. 🙂

---

रंधा_पटाशी

सांगितलं होतंत, पण 'जुना' आणि 'उभ्या कापाचा' हे दोन शब्द राहिले होते ओ. ताई, सागाला चिकटवण्याआधी जोड थिनरनं पुसा, त्याचं तेल फेविकॉल धरू देत नाही. आणि पातं वरचेवर पाजळा, सागात वाळूचा अंश असतो, धार लवकर जाते.

---

पुस्तकघर_टिळकवाडी (२० एप्रिल)

वडगावातून दोन सागाच्या तुळया मिळाल्या, पावतीसकट. चुंबकानं अकरा खिळे सापडले, धन्यवाद घाटमाथा. वरचा काळा थर रंध्यानं काढला तेव्हा आत मधाच्या रंगाचं लाकूड. रस्त्यावरचे दोन मेस्त्री थांबून हात फिरवून गेले.

फणसाच्या फळ्या काकांच्या भावाकडून आणल्या. एका तुकड्यावर अर्धा पुठ्ठा चिकटवून गच्चीत ठेवला होता. तीन आठवड्यांनी पुठ्ठा काढला: झाकलेला भाग हळदीसारखा, उघडा भाग गुळासारखा. मधे पट्टीनं आखल्यासारखी रेघ. आता रंग लावायची गरजच वाटत नाही. चपड्या लाखेचं फ्रेंच पॉलिश, हातानं.

नंदगडच्या दादांची महोगनीही वाया घालवलेली नाही. तांबूस गाभ्यातून दारांच्या चार मुठी कातून घेतल्या.

---

नंदगडचा_शेतकरी

मुठींचा फोटो बायकोला दाखवला. बरं वाटलं.

---

पुस्तकघर_टिळकवाडी (१६ ऑगस्ट)

मंडळी, कपाट मे महिन्यात उभं राहिलं. दोन दारांमधली फट तेव्हा ३ मिलिमीटर होती, आता दीडच्या आसपास. पॅनेल सगळी ठीक. पण वरचं उजवं दार गेल्या आठवड्यापासून वरच्या कोपऱ्यात घासतंय. रंधा मारू का?

---

रंधा_पटाशी

अजिबात नको! आत्ता काढलंत तर दिवाळीनंतर तिथं फट दिसेल. दाराची रुंदी सगळीकडं सारखी वाढते, एकाच कोपऱ्यात घासणं हे फुगल्याचं लक्षण नव्हे. पुस्तकं भरल्यावर कपाट किंचित तिरकं झालंय का? लेव्हल लावून बघा. फरशी कुठली आहे?

---

पुस्तकघर_टिळकवाडी (१७ ऑगस्ट)

जुनी शहाबादी. लेव्हल लावली, उजवा मागचा पाय खाली बसलाय. फणसाची उरलेली चकती, पोस्टकार्डाच्या तीन पट जाडीची, बाबांनी कपाट धरलं आणि मी सरकवली. दार मोकळं झालं.